आम्ही शिवलेला जहाजाचा झेंडा

म्हैसूरला समुद्र नाही. चामुंडीच्या डोंगरावरून कुठंही नजर टाका, शेतं, तळी, घरं आणि नव्या लेआउटचे सरळ रस्ते दिसतील. मंगळूरचा किनारा गाठायचा तर घाट उतरून जाण्यात बसमध्ये अख्खा दिवस मोडतो. तरीही आमच्या घरात जेवायला बसल्यावर जहाजांच्या कायद्यावरून भांडणं झाली आहेत. व्यापारी जहाजानं कोणता झेंडा लावावा, तो कधी बदलता येतो, एकाच वेळी दोन देशांचे लावून फिरलं तर काय होतं, हे मला आता पाठ आहे. मला हे शिकायचं नव्हतं. ज्यांच्यामुळे शिकावं लागलं त्यांच्यावर माझा राग आहे, आणि त्यात माझे वडीलही येतात.

आमचा धंदा शिवणकामाचा. आमचे कोणी पूर्वज वरून, मराठी मुलखातून, खाली आले आणि राजवाड्याच्या आसपास लोकांचे कपडे शिवत राहिले. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण तिच्यात निम्मी कन्नड असते. पुण्याकडचा पाहुणा आला की आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसतो, हसू दे. तयार कपड्यांनी शर्ट-पँटची शिलाई खाल्ली तेव्हा अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, झेंडे शिवायला घेतले. देवळांच्या पताका, शाळांच्या संघांचे झेंडे, दसऱ्याच्या कापडी माळा, निवडणुका लागल्या की सगळ्या पक्षांचे. अप्पा मशीनवर टीप मारायचे, मी कापड बेतायची, आई हातशिलाई करायची. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझी कात्री त्या दुकानातून कधी हलली नाही.

देवळाच्या झेंड्याचे अप्पांचे काही नियम होते. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचं, कुठल्या देवाचा? उत्तर मिळाल्याशिवाय कापडाला कात्री लागायची नाही. पहिला टाका आईनं घालायचा, बोटांना हळद लावून. वर्षानं नवा झेंडा चढला की जुना आमच्याकडे परत यायचा, कोणी त्याचं फडकं करू नये म्हणून. असे जुने झेंडे साठले की अप्पा ते नंजनगूडला नेऊन कपिला नदीत सोडत. त्यांचं म्हणणं असं की ज्याचा झेंडा त्याची राखण. झेंडा वर आहे तोवर खालच्या माणसांची काळजी त्याची. राखण राहिली नाही असं वाटलं तर झेंडा मानानं उतरवायचा, परत करायचा आणि मोकळं व्हायचं. आमच्या विठ्ठलाच्या देवळात हे सगळ्यांना मान्य होतं. बाकीच्या जगालाही मान्य असणार असं अप्पांनी धरून चाललं होतं.

माझा भाऊ माझ्याहून बराच लहान. त्याला शिवणकामाचा कंटाळा. आयटीआय करून तो नंजनगूडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि रोज सकाळच्या गाडीनं जायला लागला. तिथंच त्याला कोणीतरी मर्चंट नेव्हीचं वेड लावलं. जहाजाच्या इंजिनखान्यातही फिटर लागतात, जग बघायला मिळतं, ठरावीक काळ समुद्रावर काढला की पुढची परीक्षा देता येते, मग वरची जागा. समुद्रावर काढलेला काळ हाच सगळ्याचा पाया, असं तो आम्हाला सांगायचा. आई रडली. अप्पा रडले नाहीत, पण त्या महिन्यात त्यांच्या टिपा वाकड्या पडल्या.

त्याचं पहिलं जहाज आपल्याच देशाचं होतं. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं फोनवर फोटो दाखवला. जहाजाच्या मागच्या बाजूला लाल झेंडा, त्याच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा. आपल्या व्यापारी जहाजांचा झेंडा असा असतो हे अप्पांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तो फोटो मोठा करून, बोटानं पुढं-मागं सरकवून शिवण बघितली आणि म्हणाले, "कडेला एकच टीप आहे की रे. वाऱ्यात किती दिवस राहणार ही?" भावानं मग त्यांना नियम सांगितले. जहाज एकाच देशाच्या झेंड्याखाली चालतं. ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा जहाजावर. समुद्राच्या मधोमध मारामारी झाली, कोणी मेलं, तरी त्याच देशाला विचारायचं. दुसऱ्याच्या बंदरात शिरताना त्या देशाचा लहान झेंडा उजव्या बाजूला वर लावायचा, तो फक्त मान म्हणून. अप्पा ऐकताना एकदम खूश झाले. "आमच्यासारखंच आहे की मत्ते सगळं!" म्हणाले. मला तेव्हाही ते आवडलं नाही. कोणी आपल्यासारखं आहे असं अप्पांना वाटलं की ते त्याला प्रश्न विचारायचं सोडून देतात.

दुसऱ्या जहाजाचं बोलावणं आलं तेव्हा दसरा नुकताच झाला होता. दुकानात माळांच्या कापडाचे ढीग अजून पडलेले होते. मुंबईच्या एजंटचा फोन आला की आखातातल्या एका बंदरात जाऊन जहाज धर. जहाज जुनं आहे, मालक नवा आहे, आणि त्याचा झेंडा लवकरच बदलायचा आहे. भाऊ फोन कानाला लावून हो हो करत होता. मग आमच्याकडे वळून हसला. एजंटला कुठून कळलं कोण जाणे की आमच्याकडे झेंडे शिवतात. तो म्हणत होता, नव्या झेंड्याचे दोन नग शिवून बरोबरच घेऊन ये.

फोनवर झेंड्याचं चित्र आलं. कुठल्याशा दूरच्या समुद्रातला एक लहान देश. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, झेंड्यावर काय होतं तेही सांगत नाही. त्या देशाचा यात काडीचा दोष नाही. अप्पांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"कोणाचा रे हा?"

"देशाचा, अप्पा. तिकडं एक लहान देश आहे."

"मालक तिथला?"

"नाही."

"कॅप्टन तिथला?"

"नाही."

"मग जहाजावर तिथलं कोण आहे?"

"कोणी नाही. सगळी अशीच चालतात अप्पा. मालक एकीकडचा, माणसं दहा ठिकाणची, आणि जो देश झेंडा देईल त्याचा झेंडा. कायद्यात बसतं ते. सुम्ने, गुपचूप शिवा नं, किती विचारता!"

"एका देशाचं जहाज उद्या दुसऱ्या देशाचं कसं होतं?" मी विचारलं. "साडी आहे का, सकाळी एक नेसली, संध्याकाळी दुसरी?"

भावाला राग आला. "मालक बदलला की नोंदणी बदलता येते अक्का. मोठी माणसं बघतात ते. तुला कापड बेतायचंय तेवढं बेत."

मी बेतलं. न बेतून सांगणार कोणाला? अप्पांना मात्र त्या उत्तरानं शंका यायची सोडून आदरच वाटला. आपलं एक माणूस जहाजावर नसताना एवढ्या परक्यांची राखण तो देश पत्करतोय, म्हणजे केवढं मोठं मन! "मग नीटच शिवायला पाहिजे," म्हणाले. देवळाच्या झेंड्याला करतात ते सगळं त्यांनी त्या झेंड्याला केलं. आईनं हळदीच्या बोटांनी पहिला टाका घातला. वाऱ्याकडच्या कडेला अप्पांनी तीन टिपा मारल्या, कोपऱ्यांना आतून पट्टी लावली. दोन्ही झेंडे घडी करून विठ्ठलासमोर ठेवले आणि मग भावाच्या बॅगेत भरले. आई म्हणाली, आता तुला काळजी नाही. मला अजून वाटतं, त्या घरात त्या क्षणी एक तरी शहाणं माणूस हवं होतं. मी होते, पण माझं कोण ऐकतं.

जहाजाचा झेंडा पुढं समुद्रात बदलला. भावानंच नंतर फोनवर सांगितलं. एका बंदरातून निघाले तेव्हा जुना झेंडा होता. मधेच कॅप्टननं तो उतरवायला लावला, आमचा चढवला, आणि मागच्या बाजूला रंगवलेलं जुन्या बंदराचं नाव पुसून नवीन नाव रंगवायला लावलं. दोरीला लटकून ते नाव रंगवलं आमच्याच माणसानं. प्रवासाच्या मध्ये असा झेंडा बदलता येत नाही, मालकी किंवा नोंदणी खरोखर बदलली असेल तरच बदलता येतो, हा नियम मी पुढं वाचला. भावाला तो तेव्हाच माहीत होता. तो म्हणाला, मालक बदललाच होता ना. कोण मालक, ते मात्र त्याला सांगता आलं नाही.

पुढच्या बंदरात जहाजाला आत घेतलं नाही. बाहेर नांगर टाकून थांबा, असा निरोप आला. आधी वाटलं, रांग असेल. मग मालकाचा फोन लागेनासा झाला. मग एजंट म्हणायला लागला, बघतो, बघतो. धान्याची आणि पाण्याची होडी यायची ती कमी कमी होत गेली. जहाज लाटांवर फिरून किनाऱ्याकडे तोंड करायचं तेव्हाच भावाचा फोन लागायचा, आणि बोलता बोलता तुटायचा. आईला साखरेचा त्रास होताच, तिच्या मूत्रपिंडांनी त्याच सुमारास दगा द्यायला सुरुवात केली. त्याला घरी आणायचं, ती आहे तोवर आणायचं, एवढं एकच काम आमच्यापुढं उरलं.

अप्पा आणि मी नजरबादला एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथला अधिकारी भला माणूस होता. त्यानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जहाज कोणत्या देशाचं? अप्पांनी नाव सांगितलं. तो म्हणाला, मग तक्रार त्या देशाकडे करायला हवी; झेंडा त्यांचा, जबाबदारी त्यांची. आपलं सरकार विचारणा करील, पण जहाजावर हक्क त्यांचा. "एन माडोदु हेळी अम्मा," काय करायचं सांगा, असं त्यानं मलाच विचारलं. बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, बघ, मी सांगत होतो तेच हा शिकलेला माणूस सांगतोय. ज्याचा झेंडा त्याची राखण. त्यांच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं आणि माझं डोकं भणाणलं.

मग मी त्या देशाच्या नोंदणी कार्यालयाचा ईमेलचा पत्ता शोधून काढला आणि शेजारच्या कॉलेजातल्या बाईंकडून इंग्रजी तपासून घेऊन तक्रार पाठवली. उत्तर लवकर आलं. हे जहाज आमच्या नोंदणीत नाही आणि कधीच नव्हतं, आमचा झेंडा कोणी लावला असेल तर तो आमच्या परवानगीशिवाय लावलेला आहे. मी ते वाचलं आणि मराठीत सांगितलं. अप्पांनी परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "पण झेंडा तर त्यांचाच आहे. मी शिवलाय."

कोणीतरी खोटी कागदपत्रं करून त्या देशाचं नाव वापरलं होतं. आता असं बरंच चालतं म्हणे. ज्यांना बंदी असते, ज्यांना तपासणी नको असते, ते ज्याचा झेंडा सुचेल तो उचलतात. काही वेळा त्या देशाकडे जहाजं नोंदवायची सोयसुद्धा नसते. कपाळाला हात लावण्यापलीकडे मी काय करणार? आईला मी एवढंच सांगितलं की तिकडून उत्तर आलं, प्रयत्न चालू आहेत.

एक आशा होती. जहाजावरचा स्वयंपाकी फार आजारी होता. त्याला खाली उतरवायचं आणि सोबतीला भावाला पाठवायचं, असं कॅप्टननं एजंटशी बोलून जवळपास ठरवलं होतं. पुढची पाण्याची होडी आली की दोघं किनाऱ्यावर, तिथून घरी. बंदरातले लोक लांबून झेंडा बघायचे आणि नांगरलेल्या जहाजाच्या फार वाट्याला जायचे नाहीत. भाऊ हे आम्हाला हळू आवाजात सांगत होता. आईनं त्या दिवशी अंघोळ करून केस विंचरून घेतले.

आणि मग अप्पांनी फोन मागितला. मी दिला, वडिलांना मुलाशी बोलायचं असतं, नाही कसं म्हणणार? ते भावाला म्हणाले, "त्या देशानं सांगितलं की राखण आमची नाही. मग त्यांचा झेंडा तू वर ठेवू नकोस. ते चुकीचं आहे. नमस्कार करून उतरव, घडी कर, आणि येताना घेऊन ये."

"अप्पा, कॅप्टनला विचारायला पाहिजे."

"झेंडा माझ्या घरातला आहे. तुझ्या आईचा पहिला टाका आहे त्याला. कॅप्टनला काय विचारायचं?"

मी फोन हिसकावून घ्यायला हवा होता असं पुढं सगळ्यांनी मला ऐकवलं. पण तो ऐकेल असं मला वाटलंच नाही. नंजनगूडचा कारखाना सोडताना ज्यानं बापाचं ऐकलं नाही, समुद्रावर जाताना आईचं ऐकलं नाही, तो याच वेळी ऐकेल हे कोणाला सुचणार? त्यानं ऐकलं. कॅप्टन जेवायला गेलेला असताना तो मागच्या बाजूला गेला, हात जोडले, झेंडा उतरवला, घडी करून आपल्या खणात ठेवला. नंतर मला म्हणाला, "अक्का, इतक्या दिवसांत अप्पांनी सांगितलेली एक तरी गोष्ट मला करता येत होती, म्हणून केली."

झेंड्याशिवाय उभं असलेलं जहाज समुद्रावर लगेच डोळ्यांत भरतं. बंदराच्या पहाऱ्याची बोट दुसऱ्याच दिवशी आली. झेंडा का नाही, म्हणून विचारलं. कॅप्टननं धावपळ करून दुसरा चढवला, तोवर ते वर चढले होते. कागद मागितले, चौकशी केली, आणि मला जे उत्तर ईमेलनं आलं होतं तेच त्यांनाही मिळालं. म्हणजे हे जहाज कुठल्याच देशाचं नाही. आणि ते कोणाचं आहे हे ठरेपर्यंत त्यावरून कोणालाही उतरता येणार नाही. सगळ्यांचे पासपोर्ट त्यांनी नेले. स्वयंपाक्याला रुग्णालयात नेलं, पण पहाऱ्यात. भावाचं उतरणं गेलं ते गेलंच. झेंडा कोणी काढला हे कळल्यावर जहाजावरच्या माणसांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. जेवायला तो एकटा एका बाजूला बसायचा. एका दोरीला लटकून काम करणारी माणसं ती. त्यांनी पाठ फिरवली की जाणार कुठं?

मी अप्पांना नाही नाही ते बोलले. दुकानात, मशीन चालू असताना, गिऱ्हाईक समोर असताना. "तुमचं देऊळ आहे का ते? कुठल्या विठ्ठलानं सांगितलं तुम्हाला?" अप्पांनी टीप पूर्ण केली, दोरा तोडला आणि म्हणाले, "उतरवायलाच पाहिजे होता. ज्यांनी नाही म्हटलं त्यांचा झेंडा कसा लावायचा?" यात चूक काय, हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्यामुळेच मला त्यांचा जास्त राग येतो. आतून आई म्हणाली, "पुरे गं, इरली, असू दे. तो येतोय ना?" मी म्हणाले, येतोय.

संक्रांतीनंतर आईला दवाखान्यात न्यावं लागलं. मशीनवर रक्त शुद्ध करायचं, घरी आणायचं, परत न्यायचं. प्रत्येक वेळी शुद्धीत आली की ती विचारायची, कुठं आहे तो? आम्ही सांगायचो, जहाजावर आहे, निघतोय. तिला एवढं पुरायचं. जहाज म्हणजे काहीतरी चालणारं, घराकडे येणारं, असं तिच्या मनात असावं. ते नांगर टाकून एका जागी गंजत होतं, हे तिला सांगून काय मिळवायचं होतं?

ती गेली तेव्हा भावाचा फोन लागला नाही. जहाजाचं तोंड समुद्राकडे होतं. अग्नी अप्पांनीच दिला. निरोप त्याला मिळाला तेव्हा इथं सगळं आटोपलं होतं. जहाजावर पिण्याचं पाणी मोजून द्यायचे दिवस. जी माणसं त्याच्याशी बोलत नव्हती त्यांनी आपापल्या वाट्यातलं थोडं थोडं काढून एक बादली भरली, एकानं त्याचं डोकं भादरलं आणि त्याला अंघोळ घातली. हे सांगताना तो रडला नाही. मी रडले, आणि रडताना मला त्या परक्या माणसांचाही राग येत होता, कारण आमच्या घरचं काम त्यांना करावं लागलं होतं.

पुढं जे झालं ते ऐकून मी हसले होते, फार वाईट हसले. जहाज भंगारात विकलं गेलं. कोर्ट, बंदर आणि कोणी दलाल यांच्यात ते ठरलं. पण भंगाराच्या किनाऱ्यापर्यंत जायचं तर समुद्र ओलांडायचा, आणि झेंड्याशिवाय समुद्र ओलांडता येत नाही. तर त्याला झेंडा मिळाला! खरा, नोंदणी झालेला, सगळ्या शिक्क्यांसह. असेही देश आहेत जे जहाजाला मोडायला जाण्यापुरता झेंडा देतात, एका फेरीसाठी, आणि लगेच देतात. माणसांना घरी पाठवायला इतके महिने एक देश मिळत नव्हता, लोखंड मोडायला मिळाला. आणि मोडायला न्यायचं तर चालवायला माणसं लागणारच, म्हणून हीच माणसं, पासपोर्ट हातात देऊन, तेच जहाज घेऊन निघाली. गुजरातच्या किनाऱ्यावर भरतीच्या पाण्यात ते जहाज त्यांनी वाळूत घुसवलं. भाऊ शिडीवरून चिखलात उतरला. आपल्या देशात तो असा पोचला.

उगादी, म्हणजे पाडवा, होऊन गेली होती. तो घरी आला तेव्हा डोक्यावर नुकते केस आले होते आणि शर्ट खांद्यावर लोंबत होता. बॅगेतून त्यानं आधी तो घडी केलेला झेंडा काढला आणि अप्पांपुढं ठेवला. तीन टिपांची कड तशीच होती. अप्पांनी तो उचलला आणि पुढच्याच रविवारी नंजनगूडला जाऊन कपिलेत सोडला. ज्यांच्यावर त्यांचा एवढा विश्वास होता त्यांनी विचारलंही नसताना त्यांचा झेंडा मानानं पोचवला. मी बरोबर गेले नाही.

घरी बापलेकांत भांडण नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तो दुकानात बसायचा, अप्पांनी सांगितलेलं काम करायचा, सुईत दोरासुद्धा ओवायचा. मला वाटायला लागलं की राहील आता. मग एके दिवशी म्हणाला, मुंबईला जाऊन येतो. परीक्षेला बसता येईल एवढा समुद्रावरचा काळ आता भरला असणार. एवढं भोगलं त्यातून तेवढं तरी हाती लागू दे.

तो परत आला त्या दुपारी अप्पा जेवत होते. मी त्यालाही ताट वाढलं. त्यानं सांबार-भात कालवला, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "ते महिने धरत नाहीत."

"म्हणजे?" अप्पांनी विचारलं.

"जहाज कुठल्याच देशाच्या नोंदणीत नव्हतं. मग त्याच्यावरची नोकरी कोण खरी म्हणणार? कोणत्या देशानं लिहून द्यायचं? शेवटची फेरी तेवढी धरली, भंगाराकडं नेलं ती. बाकीचं नाही. कायद्यानं मी समुद्रावर नव्हतोच."

"असं कसं? तू होतास की," अप्पा म्हणाले.

"हौदा अप्पा, खरंच? मग जाऊन सांगा त्यांना."

तो शांतपणे बोलत होता. मी वाढायला वाकले होते, तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. "अक्का, आई गेली तेव्हा मी घरी नव्हतो. जहाजावर पण नव्हतो म्हणतात. मग मी होतो तरी कुठं?"

अप्पा कालवलेला भात परत कालवायला लागले. काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यायला हवी होती. दुसऱ्या कोणा बहिणीनं नेलीही असती. मला खोटं आठवेना, जे आठवलं तेच मी बोलले.

"ती रोज विचारायची," मी म्हणाले. "आम्ही सांगायचो, तो जहाजावर आहे."

त्यानं ताटातच हात धुतला आणि उठला.